सवलतीच्या '४० तासां'त माझे पैसे कसे अडकले

हे लिहायचं दोन वर्षं टाळलं. पण परवा धाकट्या चुलत भावाने एका फ्लाइंग स्कूलची जाहिरात पाठवून विचारलं, "दादा, घेऊ का?" शब्दसुद्धा तेच होते: तरुणांसाठी खास, ४० तासांचं पॅकेज, एकरकमी भरल्यास मोठी सूट.

मी तेव्हा १९ वर्षांचा होतो. विमानाचं वेड लहानपणापासूनचं, पैसे मात्र आईबाबांनी साठवलेले. खासगी पायलटच्या लायसन्ससाठी आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधारण ४० तासांचं उड्डाण लागतं, एवढं वाचलं होतं. म्हणजे पॅकेज संपलं की लायसन्स हातात, असं धरून चाललो. खरं तर ४० हा किमान आकडा आहे, आणि बहुतेकांना त्याहून बरेच जास्त तास लागतात. काउंटरवरच्या माणसाने हे सांगितलं नाही. त्याने फक्त पेन पुढे केलं.

करारातली खरी गोम चौथ्या पानावर होती. ४० पैकी २८ तास विमानाचे आणि १२ सिम्युलेटरचे, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करायच्या यंत्राचे. त्याच आंतरराष्ट्रीय निकषांत सिम्युलेटरचे जास्तीत जास्त ५ तास धरले जातात. म्हणजे माझे ७ तास लायसन्सच्या हिशेबात येणारच नव्हते, आणि त्यांचा दर विमानाइतकाच लावला होता! सिम्युलेटर वाईट नाही. चेकलिस्ट आणि रेडिओवरचं बोलणं पक्कं करायला त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. पण तो स्वस्त असतो म्हणूनच तर वापरायचा.

विमानातलं तास मोजणारं हॉब्स मीटर इंजिन सुरू झालं की पळायला लागतं. त्याचा शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग, म्हणजे ६ मिनिटं. पहिल्याच दिवशी इंजिन तापवणं, टॅक्सी करणं (म्हणजे जमिनीवरून विमान धावपट्टीपर्यंत नेणं), उतरणाऱ्या दोन विमानांसाठी थांबणं, यात चाकं जमीन सोडायच्या आत तो आकडा तीनदा फिरला. हे सगळीकडेच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण उड्डाणाआधी फळ्यावर समजावलेली वीस मिनिटंही माझ्या विमानाच्या तासांतून कापलेली मला महिन्याने हिशेबात दिसली.

शाळेचं विमान एकच होतं. ते १०० तास उडाल्यावर करायच्या तपासणीला गेलं आणि सात आठवडे हँगरमध्येच राहिलं. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढलेलं, एक टायर बसलेला, सीटवर धूळ. परत उडायला लागलो तेव्हा उतरताना नाक किती आणि कधी उचलायचं, याचा हातच गेला होता. तो परत बसवण्यात तीन तास गेले, तेही माझ्याच खात्यातून. मग इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेला. तोवर लॉगबुकात उड्डाणाचे ११ तास झाले होते. पुढे शाळेचा फोन कुणी उचलेना. 'भरलेली रक्कम परत मिळणार नाही' या ओळीखाली माझी सही होती.

भावाला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. आधी मेडिकल करून घे. मग त्यांची विमानं किती आणि गेल्या महिन्यात ती किती उडाली, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचार, ऑफिसात नको. पैसे उड्डाणागणिक दे. फार तर पाच तासांचे आगाऊ, त्याहून जास्त नाही, मग सूट कितीही असो. आणि आधी एखादा ग्लायडिंग क्लब बघ. इंजिन नाही, त्यामुळे खर्च खूप कमी. ग्लायडरच्या लायसन्सला आंतरराष्ट्रीय निकषांत वयाची अट १६ वर्षांची, आणि उड्डाणाचे किमान तास फक्त ६. त्यातले २ एकट्याने, किमान २० लाँच (ग्लायडर हवेत चढवणं) आणि लँडिंगसह. वारा आणि पंख यांचं गणित तिथे जेवढं कळतं तेवढं मला त्या ११ तासांत कळलं नव्हतं.

मी सध्या तिथेच जातो. प्रत्येक लाँच झालं की त्या लाँचचे पैसे देतो. एकट्याने केलेली १४ झाली आहेत. येत्या रविवारी भाऊ माझ्यासोबत येतोय.