सोरोरिटीच्या अधिवेशनाला एकटीने जाताना: स्वागताची सोय कितपत कामाची?

नोंदणीच्या टेबलावर हसून स्वागत सगळीकडेच होतं. सोय खरी की नावापुरती, हे कळतं जेवणाच्या वेळी. अमेरिकेतल्या सोरोरिटींच्या, म्हणजे कॉलेजात सुरू होणाऱ्या बायकांच्या संघटनांच्या, राष्ट्रीय अधिवेशनांत एकट्या येणाऱ्या सभासदांसाठी जी व्यवस्था ठेवतात, तिचा हा हिशेब.

कॉलेज सुटलं तरी इथलं सभासदत्व सुटत नाही. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या अल्फा कप्पा अल्फा या सोरोरिटीचं अधिवेशन, म्हणजे 'बूले', दर दोन वर्षांनी भरतं आणि तिथे विद्यार्थिनींपासून आजीबाईंपर्यंत सगळ्या असतात. जिचा चॅप्टर, म्हणजे सोरोरिटीची स्थानिक शाखा, बंद पडला किंवा जी नोकरीपायी लांब गेली, ती एकटीच येते.

पहिल्यांदा येणाऱ्यांच्या बॅजला लावायची रिबन: ५ पैकी ४. ती बघून अनोळखी बायकाही आपणहून बोलतात. पण एकाच बॅजला पाच-सहा रिबनी लोंबल्या की ही खाली दडते. सगळ्यात वर चिकटवावी. 'एकटी आले' असं सांगणारी खूण मात्र नकोच. हॉटेलच्या लॉबीत परकी माणसंही असतात.

माहितीसत्र: ३. पहिल्या सभेआधी ठेवलं तर उपयोग. दुसऱ्या दिवशी ठेवलं तर तोवर घोळके जमलेले असतात. सोबतीला दिलेल्या एका स्वयंसेविकेकडे चार-पाच जणी ठीक. दहा सोपवल्या की ती नुसते मेसेज ढकलते. बऱ्याच सोरोरिटींत विधीला पांढरा पोशाख लागतो, दारात सभासदत्वाचं कार्ड बघतात. चॅप्टरबरोबर आलेलीला हे बोलता बोलता कळतं, एकटीला दारात अडवल्यावर. म्हणून काय आणायचं याची यादी बॅग भरायच्या आधी, ईमेलनेच जायला हवी.

जेवण: जेमतेम २. ७२ इंची गोल टेबलाला १० खुर्च्या, ६० इंचीला ८. चॅप्टरच्या नऊजणी असल्या तरी अख्खं टेबल धरतात, दहाव्या खुर्चीवर पर्स. 'इथे कुणी आहे का?' असं तीन टेबलांवर विचारून झालं की बाई मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसते. त्यावर आयोजकांचा ठरलेला उपाय म्हणजे कोपऱ्यात एकट्यांसाठी वेगळं टेबल, म्हणजे पंक्तीबाहेरच बसवणं. त्यापेक्षा नोंदणीच्या फॉर्मवरच 'जेवणाला सोबत हवी का?' असं विचारून टेबलाचा क्रमांक आधी कळवावा. अशी टेबलं दालनाच्या पुढच्या भागात विखुरलेली हवीत, प्रत्येकावर एखाद्या चॅप्टरच्या तीन-चारजणी मिसळलेल्या. दारं उघडायच्या आधी त्या टेबलाची यजमानीण, म्हणजे एकटीला सामावून घेणारी स्वयंसेविका, जागेवर हवी, आणि सॅलडच्या बशा उचलेपर्यंत दोन खुर्च्या राखलेल्या.

शेवटच्या रात्रीच्या बँक्वेटला ही घडी हमखास विस्कटते. स्वयंसेविका आपापल्या चॅप्टरच्या टेबलावर फोटोंसाठी परततात. त्या एका रात्रीसाठी यजमानिणींची वेगळी तुकडी नेमली, तर जेवणाला आणखी दीड गुण देता येईल.