खोक्यावर ६०००, सर्व्हिसच्या टेबलावर ४८००

मशीन तेच, जे गेल्या वर्षी निम्म्या लोकांनी जोडलं: एएमडीचा राइझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या ६००० वेगाच्या, १६-१६ जीबीच्या दोन स्टिक. प्रोसेसरबद्दल तक्रार शून्य. ६५ वॉटचा आहे, गार चालतो, वीजबिल बघून घरात कुणी ओरडलं नाही. कॅबिनेटचे पंखे जरा घरघरतात, चालायचंच. बाकी सगळं रॅमबद्दल लिहिणार आहे, कारण गुढीपाडव्याला जोडलेल्या या मशीननं वर्षभर मला दुसरं काही सुचू दिलेलं नाही.

मी सांगलीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमची सराई सुरू. रेंडर, म्हणजे एडिट केलेल्याचा पक्का व्हिडिओ बनवायला लावायचा, जेवायला जायचं, परत येऊन बघायचं तर मशीन रीस्टार्ट होऊन लॉगिनच्या पडद्यावर उभं. कधी पहिल्या पाच मिनिटांत, कधी दोन दिवस काहीच नाही. मशीन पडताना विंडोज जो निळा पडदा दाखवायचं, तो मधल्या काळात अपडेटनं काळा करून टाकला. मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये हा बदल केला, रडका चेहरा आणि क्यूआर कोडही काढले. माझं मशीन दोन्ही रंगांत पडून झालंय.

ज्यांचं नवं मशीन असं पडतंय त्यांनी आधी एक बघा: दर वेळी एरर तोच येतो की बदलतो? माझ्याकडे एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, मग ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, मग ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. सतत एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर त्या ड्रायव्हरच्या मागे लागा. दर वेळी नवीन नाव, नवीन कारण येत असेल तर पहिला संशय रॅमवर. मशीन पडताना विंडोज जी नोंद ठेवतं त्या मिनीडंप फाइल विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या की बऱ्याचदा ‘एनटीओएस कर्नल’चं, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचं नाव दिसतं आणि माणूस लगेच विंडोज नवं टाकायला धावतो. कर्नल हा बहुतेक वेळा मार खाणारा असतो, मारणारा नव्हे.

दुसरा चकवा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधलं, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतलं ‘कर्नल-पॉवर ४१’. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. का पडलं, ते त्यात नसतं. पण ‘पॉवर’ शब्द वाचला की दुकानदाराचे डोळे चमकतात. “दादा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलून टाका, ८५० वॉटचा टाका.” या प्रोसेसरला आणि माझ्या साध्या ग्राफिक्स कार्डाला ८५० वॉट! त्याआधीचा सल्ला अर्थातच “फॉरमॅट मारून बघा” हा होता. फॉरमॅट मारला. कोऱ्या विंडोजवर, एकही सॉफ्टवेअर न टाकता, मशीन पुन्हा पडलं. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक म्हणालं, काही दोष नाही. त्याच्यावर विसंबू नका.

खरा निकाल मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं दिला. फुकट आहे, पेन ड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून चालू करायचं, चार फेऱ्या होऊ द्यायच्या. ३२ जीबीला बरेच तास लागतात, तेव्हा रात्री लावा. बायोसमधलं (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधलं) एक्सपो, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगानं चालवणारी सोय, चालू ठेवलं, रॅम ६००० वर, की चुकांच्या लाल ओळींची रांग. एक्सपो बंद केलं, रॅम ४८०० वर, की सगळं स्वच्छ. मग एकेक स्टिक काढून, प्रोसेसरपासून दुसऱ्या म्हणजे ए२ खाचेत लावून तपासली. एक स्टिक ६००० ला पास, दुसरी नापास. इतकं सरळ.

सरळ ते माझ्या घरी. रॅमच्या कंपनीच्या पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला स्टिक नेल्या, तर काउंटरवरच्या मुलानं त्या आपल्या मशीनला लावल्या, विंडोज उघडलं, टास्क मॅनेजर दाखवला आणि म्हणाला, “सर, रॅम ओके आहे.” मी वाकून आकडा वाचला: ४८००. म्हटलं, अहो, खोक्यावर तर ६००० लिहिलंय. म्हणाला, “ते एक्सपो आहे सर, आम्ही डिफॉल्टलाच टेस्ट करतो.” हे म्हणजे बैल रिकाम्या गाडीला जुंपून तो उसाची गाडी ओढेल अशी हमी देण्यासारखं. वर ज्ञान असं, की “डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच, एरर येणारच नाही.” ईसीसी म्हणजे रॅममधली चूक ओळखून सुधारणं, आणि डीडीआर५ मध्ये असतं ते चिपच्या आतल्या आत चूक सुधारणारं. चिप ते प्रोसेसर या वाटेवर जे बिघडतं त्याला ते हातही लावत नाही. पूर्ण ईसीसीची रॅम वेगळी मिळते, वेगळ्या किमतीला.

माझा खरा संताप या ६००० च्या आकड्यावर आहे. मोठ्या अक्षरात विकायचा हाच आकडा, जादा पैसे घ्यायचे याच आकड्याचे. आणि बारीक अक्षरात बघाल तर या प्रोसेसरसाठी एएमडीनं अधिकृत दिलेला वेग दोन स्टिकना ५२००, चार स्टिकना ३६००. त्यापुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंग, आणि त्यानं बिघाड झाला तर प्रोसेसरची वॉरंटी गेली. ६४ जीबी हवी म्हणून नंतर आणखी दोन स्टिक घालायचा विचार असेल तर तो ३६०० डोक्यात ठेवा.

मी मेमटेस्टचे फोटो, ‘६०००’ छापलेल्या खोक्याचा फोटो आणि बिल जोडून रॅमच्या कंपनीला मेल लिहीत राहिलो. सर्व्हिस सेंटरशी तोंडी वाद घालून काही होत नाही, मेलची साखळी लागते. शेवटी उत्तर आलं: बिलाच्या रकमेचा रिफंड घ्या. कोण घेणार? २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले होते. पाडव्याच्या भावात दिवाळीनंतर एकच स्टिक आली असती. मी रिप्लेसमेंटवर अडून बसलो आणि ती मिळाली. दोन्ही स्टिक नव्या, वेग तोच. रात्रभर मेमटेस्ट, एकही लाल ओळ नाही. इथवर लिहून मी पाच पैकी चार तारे देणार होतो.

मग थंडी पडली आणि मशीन सकाळी पडायला लागलं. फक्त सकाळी. एकदा पडून पुन्हा उठलं की दिवसभर ठणठणीत. आता अर्धा राग बोर्डाकडे वळवावा लागला. डीडीआर५ ला सुरुवातीला ‘ट्रेनिंग’ लागतं. प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी कुठल्या वेळेला, किती व्होल्टला बोलायचं ते ठरवून घेतात. दर वेळी ते केलं तर मशीन सुरू व्हायला उशीर होतो, म्हणून बोर्डावर ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ नावाची सोय असते: मागचंच ठरलेलं वापरायचं. माझ्या बोर्डाच्या जुन्या बायोसमध्ये ही सोय चालू आणि ‘पॉवर डाउन’ नावाची रॅमचीच दुसरी सेटिंग बंद, असा जोड होता. या जोडीनं मशीन डळमळतं. नवीन बायोस टाकला, एक्सपो पुन्हा लावलं (बायोस बदलला की ते बंद होतं), कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद केलं. पडणं थांबलं. उरलेली लग्नसराई पार पडली, एकही रेंडर अडकला नाही.

बायोस टाकताना लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, तेव्हा इन्व्हर्टरवर टाका. आणि विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं चालवत असाल तर डिस्क एन्क्रिप्ट असू शकते. बायोस बदलल्यावर रिकव्हरी की (डिस्क उघडायचा लांब आकडा) मागितली जाऊ शकते, ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

रॅम खराब असताना मशीन पडलं नाही ते दिवस मला आता जास्त खटकतात. निळा पडदा निदान काम थांबवतो. नाही आला, तर चुकीचा बिट मुकाट्यानं फाइलमध्ये जाऊन बसतो. त्या काळात कॅमेऱ्याच्या कार्डावरून उतरवलेल्या एका लग्नाच्या क्लिपमध्ये अक्षतांच्या वेळी हिरवे चौकोन उमटलेत. कार्डावर मूळ क्लिप होती म्हणून निभावलं. रॅमवर संशय आला की तपासणी होईपर्यंत एक्सपो बंद ठेवा, कार्ड पुसू नका.

आता उरलं ते सुरू होणं. कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद असल्यानं ट्रेनिंग दर वेळी होतं: बटण दाबलं की बोर्डावरचा ‘डीरॅम’चा, म्हणजे रॅमचा पिवळा दिवा लागतो आणि पडदा काळा राहतो, निदान चहा गाळून होईपर्यंत. जुना, दहा वर्षांचा संगणक याच्याआधी उघडायचा. म्हणून मी शटडाउन करणंच सोडलंय, स्लीपवर ठेवतो, आणि रात्रभर त्याला किती युनिट लागतात ते मोजायला सॉकेटचा मीटर मागवलाय. तारे साडेतीन, अर्धा त्या दिव्यापायी कापलाय. बदलून मिळालेल्या स्टिकची वॉरंटी जुन्या बिलापासून धरायची की नव्या तारखेपासून, असा मेल टाकलाय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.