मेक्सिकोत मृतांच्या रात्रीचा बनावट कॅमेरा-पास

नोव्हेंबरात मेक्सिकोला 'दिया दे मुएर्तोस'चे, म्हणजे मृतांच्या दिवसाचे, फोटो काढायला कुणी निघणार असाल, तर आमचं काय झालं ते आधी वाचा.

2023 साली मी आणि माझी मैत्रीण मिचोआकान राज्यातल्या पात्झ्कुआरोला गेलो होतो. 1 नोव्हेंबरच्या रात्री तिथल्या तळ्याकाठच्या गावांतले पुरेपेचा लोक आपल्या माणसांच्या थडग्यांपाशी पहाटेपर्यंत जागतात. झेंडूच्या कमानी, शेकडो मेणबत्त्या, कोपालचा धूप, गेलेल्याला आवडायचं ते जेवण. झेंडू मूळचा तिकडचाच. आपल्या दसऱ्याचं फूल तिथे थडग्यांवर पाहून मला भरून आलं.

दुपारी मोठ्या चौकात गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस भेटला. इंग्रजी चांगलं बोलत होता. म्हणाला, तळ्याकाठच्या त्सिनत्सुनत्सान गावातल्या दफनभूमीत ट्रायपॉड लावायला परवाना लागतो, थोडेच उरलेत, संध्याकाळी पाचनंतर मिळणार नाहीत. माणशी 1,500 पेसो, म्हणजे साधारण सात हजार रुपये, आणि तेही रोखच. "नगरपालिकेतून घेतो," म्हटलं तर म्हणाला, आज सुट्टी आहे. तिथेच मी थांबायला हवं होतं. आम्ही पैसे दिले आणि लाल फितीचे, शिक्का मारलेले दोन पास गळ्यात घातले.

रात्री पास कुणीच तपासला नाही. पण तो गळ्यात होता म्हणून मी कुणाला विचारलंही नाही, आणि ते मला आजही टोचतं. दोन थडग्यांमधल्या जागेत ट्रायपॉड उभा केला, अंधारासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) 3200 वर ठेवला आणि शाल पांघरून बसलेल्या एका आजीचे फोटो काढत राहिले. पितृपक्षात आपल्या वडिलांच्या पानासमोर असं कुणी परकं येऊन उभं राहिलं असतं, तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

तिचा नातू आला. त्याने पास उलटसुलट पाहिला आणि गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला बोलावलं. ते म्हणाले, असला परवाना आम्ही देत नाही, ज्यांचं थडगं त्यांना विचारायचं. मी आजींची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण चेहरा शालीत ओढून घेतला. ते फोटो मी तिथेच, नातवासमोर पुसून टाकले.

नंतर उजेडात पास नीट पाहिले. दोन्हींवर क्रमांक एकच, 27. कार्यालयाचं नाव नाही, तारीख नाही, पावती तर मिळालीच नव्हती. चौकात कुणी असा पास विकायला आला तर घेऊ नका. गावात पोहोचल्यावर तिथल्याच माणसांना विचारा. थडग्यापाशी गेलात की कॅमेरा खाली ठेवून "पुएदो तोमार उना फोतो?" (एक फोटो काढू का?) एवढं विचारा. नाही म्हणाले तर पुढे चला.

पहाटे परतताना आणखी तिघांच्या गळ्यात तीच लाल फीत दिसली. आम्ही त्यांना थांबवून सांगितलं. त्यांच्याही पासवर 27 होता.