टास्क मॅनेजर पुरेल, की आणखी काही लागेल?

कॉम्प्युटर रखडायला लागला की हात आपसूक कंट्रोल-शिफ्ट-एस्केपवर जातो. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडायचा, मेमरीच्या रकान्यावर क्लिक करायचं, की सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर येतो. बहुतेक वेळा तो ब्राउझरच निघतो. चार टॅब बंद करा आणि कामाला लागा. तुमचं दुखणं एवढंच असेल, तर दुसरं काही डाउनलोड करायच्या फंदात पडू नका. यादी सारखी वरखाली उड्या मारत असेल तर कंट्रोल दाबून धरा, ती जागच्या जागी थांबते.

टास्क मॅनेजर अडतो तो वेगळ्याच ठिकाणी. पेन ड्राइव्ह काढायला जावं तर ‘वापरात आहे’ म्हणून विंडोज अडून बसतं, पण कोण वापरतंय ते काही सांगत नाही. अशा वेळी प्रोसेस एक्सप्लोरर घ्या. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स या विंडोजसाठीच्या टूल्सच्या संचातलं हे टूल २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि फुकट मिळतं. इन्स्टॉल करायची भानगड नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, कंट्रोल-एफ दाबा, ‘ई:\’ असं ड्राइव्हचं अक्षर इंग्रजीत टाका. फाइल धरून बसलेला प्रोग्रॅम नावानिशी सापडतो. कोणता प्रोग्रॅम कोणी सुरू केला, तेही झाडासारखं दिसतं. पहिल्यांदा उघडल्यावर ती रंगीबेरंगी यादी पाहून गांगरायला होतं, पण दोन दिवसांत नजर बसते.

तिसरा पर्याय एचडब्ल्यूइन्फो, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सेन्सर्सचे तापमानासारखे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम. त्याची खरी किंमत मला एका मे महिन्यात कळली. माझा डेस्कटॉप सकाळी ठणठणीत आणि दुपारी दोननंतर मरगळलेला, असं रोज व्हायचं. टास्क मॅनेजरमध्ये संशयित कोणीच नाही. फक्त प्रोसेसरचा वेग बेस स्पीडच्याही, म्हणजे त्याच्या ठरलेल्या मूळ वेगाच्याही खाली घसरलेला. का, ते तिथे कळेना, कारण टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो (तेही २०२० च्या अपडेटपासून), प्रोसेसरचं नाही. एचडब्ल्यूइन्फो तासभर चालू ठेवला. त्यात आत्ताच्या आकड्याशेजारी किमान, कमाल आणि सरासरी असे रकाने असतात. कमाल तापमान ९८ अंश, आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर ‘येस’! म्हणजे प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करत होता. कॅबिनेट उघडलं, तर पंख्याखालच्या हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला. ब्रशने तो काढला आणि दुपारची मरगळ गेली.

हे घेताना दोन गोष्टी बघा. मोफत आवृत्ती घरगुती वापरासाठीच आहे. दुकानात किंवा ऑफिसात लावायची तर लायसन्स घ्यावं लागतं. आणि सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’वर टिक करा. सेन्सर वाचणारं दुसरं सॉफ्टवेअर त्याच वेळी चालू नको, नाहीतर आकडे चुकू शकतात.

‘एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर फास्ट’ म्हणणारे बूस्टर मी या तुलनेत घेतलेच नाहीत. त्यांचा स्वतःचाच भार टास्क मॅनेजरमध्ये बघावा लागतो.

माझ्या पेन ड्राइव्हवर प्रोसेस एक्सप्लोरर कायम असतो, आणि स्वतःच्या मशीनवर एचडब्ल्यूइन्फो. बाबांच्या कॉम्प्युटरवर मात्र नुसता टास्क मॅनेजर. सेन्सरची ती लांबलचक यादी त्यांच्या नजरेस पडली, तर प्रत्येक आकड्यागणिक मला फोन येईल.