रोबोटच्या चाकांना 600 पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर: वापरून झालेलं मत

रोबोकॉन या रोबोट स्पर्धेच्या आमच्या टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे आहे. चार ऑम्नी चाकांचा (कडेला छोटे रोलर असलेली, आडवीही सरकणारी चाकं) वेग मोजायला काय लावायचं, असं ज्युनिअर्स विचारतात तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं: 38 मिमी व्यासाचा, 600 पल्सचा ऑप्टिकल एन्कोडर, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने फिरणं मोजून एका फेऱ्याला 600 विद्युत ठोके (पल्स) देणारा सेन्सर. पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. हजाराच्या आसपास जातो, चार घ्यायचे म्हटलं की खजिनदार कुरकुरतो. तरीही घ्या.

पैसे वाचवायला बरेच जण वीस खाचांची चकती आणि इन्फ्रारेड सेन्सर लावतात. जरा हिशोब करा. चाक मिनिटाला 300 फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला पाच, म्हणजे 100 पल्स. पीआयडी (मोजलेला वेग बघून मोटरचा जोर कमी-जास्त करणारा हिशोब) दर 10 मिलिसेकंदाला चालवलात तर दर वेळी हाती येतो एक पल्स. त्यावरून वेग काय कळणार? शिवाय चाक पुढे जातंय की मागे, तेही समजत नाही. या एन्कोडरला ए आणि बी असे दोन चॅनल आहेत; कोणाचा पल्स आधी येतो त्यावरून दिशा कळते. दोन्हींच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्या की एका फेऱ्याला 2400 काउंट मिळतात. त्याच 10 मिलिसेकंदांत 120! रोबोट हळू सरकवतानाही झटके बसत नाहीत.

आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते सिग्नल फक्त खाली ओढतं, स्वतः वर नेत नाही. बहुतेकांत लाल तार 5 व्होल्टला, काळी ग्राउंडला, हिरवी-पांढरी म्हणजे ए-बी. म्हणून ए-बी वर ओढणारा पुल-अप रेझिस्टर 3.3 व्होल्टला जोडा, एसटीएम32 हा मायक्रोकंट्रोलर थेट वाचतो. हा रेझिस्टर राहिला तर काउंट हलत नाही आणि ठणठणीत एन्कोडर खराब म्हणून बाजूला पडतो. अर्डुइनो उनो हा नवशिक्यांचा बोर्ड मात्र नको. चार चाकांचे सेकंदाला 48 हजार काउंट इंटरप्टवर (दर काउंटला चालू काम थांबवून) घेताना तो गुदमरतो; एसटीएम32 चा टायमर ते काम प्रोसेसरला न अडवता करतो.

जागाच नसेल तर एएस5600 चुंबकी सेन्सर चांगला. छोटा, स्वस्त, झिजायला काही नाही. पण आय-टू-सी या सामाईक तारांवर त्याचा पत्ता ठरलेला असतो, त्यामुळे चार चाकांना, एका वेळी एकच सेन्सर जोडणारा मल्टिप्लेक्सर आलाच.

ऑप्टिकलबद्दल तक्रार एकच: आकार. चाकामागे बसवायला ब्रॅकेट आधीच डिझाइनमध्ये धरावा लागतो. पुली शाफ्टवर ठोकून बसवू नका. तिचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर आवळा. तारा मोटरच्या तारांपासून लांब न्या.

आणि चाक घसरलं की एन्कोडर चाकाचा वेग सांगतो, रोबोटचा नाही. मैदानावरची जागा हवी असेल तर आणखी दोन एन्कोडर, मोटर नसलेल्या छोट्या ऑम्नी चाकांवर, स्प्रिंगने जमिनीला दाबून लावा.