ऑनलाइन समुपदेशन, वऱ्हाडातल्या खेड्यातून पाहिलेलं

मोबाईलवर येणाऱ्या समुपदेशन ॲपच्या जाहिरातीत ‘लायसन्स्ड थेरपिस्ट’ असं ठळक लिहिलेलं असतं. हा शब्द अमेरिकेतून आलाय. तिथं प्रत्येक राज्य समुपदेशकाला परवाना देतं. आपल्याकडची घडी वेगळी आहे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर. त्याच्याकडे मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो आणि गोळ्या तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे गोळ्या न देता बोलण्यातून उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ; त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) असते. ती त्यांच्या वेबसाइटवर नाव टाकून पाहता येते, दोन मिनिटांचं काम आहे. राहिला ‘समुपदेशक’ किंवा ‘वेलनेस कोच’. मानसशास्त्रात एमए केलेला माणूसही स्वतःला समुपदेशक म्हणवतो आणि तीन महिन्यांचा कोर्स केलेलाही. एमए झालेला वाईट असतो असं नाही, कित्येकदा ऐकून घ्यायला तोच बरा. पण प्रोफाइलवर नुसता हसरा फोटो असेल आणि पदवी, नोंदणी क्रमांक काहीच नसेल, तर पैसे भरण्याआधी मेसेज करून विचारा. उत्तर टाळलं तर पुढचं प्रोफाइल उघडा.

नोंदणी तपासून झाली की खरी परीक्षा भाषेची. ॲपवर ‘मराठी’ निवडली तरी पलीकडचा माणूस पुण्या-मुंबईचा असण्याची शक्यता जास्त. ‘जीव घाबरते’, ‘कामात मन लागून नाही राह्यलं’ एवढं त्याला समजतं. घात होतो ‘औषध’ या शब्दावर. आपल्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात आणि ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ काय, हे गावात लहान पोरालाही कळतं. शहरातला समुपदेशक मात्र ‘औषध घ्यावंसं वाटते’ ऐकून रक्तदाबाच्या गोळीबद्दल विचारू लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत एक गोष्ट पारखून घ्या: घरात फवारणीचं औषध कुठं ठेवता, कुलपात आहे का, किल्ली कोणाकडे, हे त्यानं विचारलं का? ज्याला हे सुचलं त्याला शेतकऱ्याचं घर कळतं.

बहुतेक ठिकाणी सुरुवातीला प्रश्नावली भरून घेतात. उदासीसाठी पीएचक्यू-९ : मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यायचं. काळजी-घबराटीसाठी जीएडी-७, त्यात सात प्रश्न. मराठी भाषांतर कधीकधी सरकारी परिपत्रकासारखं असतं. समजलं नाही तर अंदाजे टिक करू नका, समुपदेशकाला वाचून दाखवायला लावा. पहिल्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा आहे. पोलिसांची भानगड होईल या भीतीनं लोक तिथं शून्य टाकतात. विचार येणं हा गुन्हा नाहीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार तर प्रयत्न करणाऱ्यालाही तीव्र ताणाखाली होता असं धरून शिक्षेपासून वाचवलं आहे. तेव्हा खरं उत्तर द्या, पुढचं सगळं त्यावर बेतलेलं असतं.

फॉर्मवर ‘तातडीचा संपर्क’ असा रकाना असतो. लोक तिथं पुण्याला नोकरीवर असलेल्या पोराचा नंबर देतात. तो काय करणार तिथून? पंधरा मिनिटांत मोटारसायकल घेऊन दारात उभा राहील अशा गावातल्याच माणसाचा नंबर द्या, आणि त्याला तसं सांगूनही ठेवा. बोलणं गुप्त राहतं, फक्त जिवाला धोका दिसला तर समुपदेशक या नंबरवर फोन करतो.

एक सेशन ४५ ते ५० मिनिटांचं. नेटवर्कची रड सगळेच सांगतात, पण ती सोडवता येते: व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर या, आणि कॉल तुटला तर कोणी कोणाला परत फोन करायचा हे सुरुवातीलाच ठरवा. अवघड आहे ती जागा. दोन खोल्यांचं घर, ओसरीत सासरा, चुलीपाशी सासू, अशा घरात सून काय बोलणार? गोठा, धुऱ्यावरचं झाड, शाळा सुटल्यावरचं मागचं अंगण, जिथं जमेल तिथं. इअरफोन मात्र हवाच. घरच्यांनी मध्येच डोकावलं तर विषय बदलण्यासाठी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवता येतो. चांगला समुपदेशक हे स्वतःहून सुचवतो. वेळ घेतानाही आपलं गणित सांगा. ज्या आठवड्यात शेतीची विजेची लाईन रात्री असते, त्या आठवड्यात ओलित करून आलेला माणूस सकाळी दहाला डुलक्याच देणार. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळ बरी.

पैशांचं म्हणाल तर एका सेशनचे साधारण पाचशेपासून दोन हजारांपर्यंत घेतात. एकदम दहा सेशनचं पॅकेज घेऊ नका. दोन घ्या, माणूस जमतो का पाहा. ऑटो-पे चालू राहून दर महिन्याला खात्यातून रक्कम कापली जाते, ही नेहमीची तक्रार; यूपीआय ॲपमध्ये जाऊन ते मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापण्याची परवानगी, स्वतः रद्द करायचं. ‘अमर्याद चॅट’ म्हणजे रात्री दोनला कोणी उत्तर देईल असं नाही. आणि माहितीचं म्हणाल तर मोठं नाव ही हमी नव्हे: अमेरिकेतल्या बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीनं ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिली म्हणून ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०२३ मध्ये त्यांना ७८ लाख डॉलर भरायला लावले. ॲपनं कॉन्टॅक्टची परवानगी मागितली तर देऊ नका, त्याला तुमच्या व्याह्याचा नंबर कशाला लागतो?

पैसे नसतील, किंवा आधी चाचपून पाहायचं असेल, तर टेलिमानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, फुकट. भाषा निवडली की समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढं तज्ज्ञाकडे जोडून देतो. पहिल्या आधारासाठी आमच्या मते हीच सगळ्यात कामाची. उणीव एवढीच की दर वेळी तोच माणूस मिळेल याची खात्री नसते आणि आठवड्याला एक असं चार महिने चालणारं काम यातून होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

फायदा कुठं दिसतो? झोप उडणं, धडधड, चिडचिड, नवरा-बायकोतला अबोला, पोराच्या परीक्षेचा ताण, घरातल्या मृत्यूनंतरचं दुःख. सहा-आठ सेशनमध्ये फरक कळायला हवा. नाही कळला तर तोंडावर सांगा, माणूस बदला. कर्जाचं मात्र सरळ ऐका: समुपदेशनानं कापसाला भाव मिळत नाही. पण बँकेचं किती, सावकाराचं किती, कृषी केंद्राची उधारी किती हे कागदावर मांडून आधी कोणाशी बोलायचं ते ठरवणं, एवढं सेशनमध्ये होऊ शकतं, आणि डोकं तेवढ्यानंही मोकळं होतं.

कानात आवाज येणं, कोणी करणी केली असा पक्का समज, दिवसेंदिवस जेवण सोडणं, यात ऑनलाइनवर वेळ घालवू नका. रोज दारू पिणाऱ्याची एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट येऊ शकते. तो दवाखान्यातला विषय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग पाहा, पुढं नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि रोज सोबत राहणारं घरचं एक माणूस.