बालगृहातल्या कामाचा बारा आठवड्यांचा कोर्स: दिवस शिकवतात, रात्र राहून जाते

कोर्स रत्नागिरी जिल्ह्यात चालतो, पूर्ण मराठीतून. बारावी पास चालतं. एका तुकडीत वीसजण. पहिले पाच आठवडे वर्ग, पुढचे सहा आठवडे एखाद्या बालगृहात प्रत्यक्ष काम, शेवटच्या आठवड्यात वह्या तपासणं आणि तोंडी परीक्षा. फी साडेआठ हजार. राहण्या-जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं. संस्थेचं नाव देत नाही. ज्याला या कामात पडायचं आहे त्याला नावापेक्षा काय शिकवतात आणि काय शिकवत नाहीत हे कळलं तर जास्त उपयोग होईल.

कायद्याचे तास उत्तम. बाल न्याय अधिनियम २०१५, त्यातली २०२१ची दुरुस्ती, महाराष्ट्राचे २०१८चे नियम आणि पॉक्सो २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा), हे सगळं कलमांची जपमाळ न ओढता शिकवतात. उदाहरण घेतात ते घरचंच: चिपळूण स्टेशनवर रात्री एकटं सापडलेलं दहा वर्षांचं मूल. त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलाचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीसमोर, न्यायचं, प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. या शेवटच्या वाक्याचा गैरवापर कसा होतो, हेही स्पष्ट सांगतात. मंडणगडाहून रत्नागिरी गाठायला एसटीत अर्धा दिवस मोडतो, पावसात घाटात दरड आली तर आणखी. सवलत त्यासाठी आहे, ‘समिती सोमवारी बसते’ यासाठी नाही. बैठक नसेल तर एका सदस्यासमोरही मुलाला हजर करता येतं. मग सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, १५ दिवसांत, समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत. प्रत्येकाला एक कॅलेंडर देऊन या तारखा स्वतःच्या हातानं टाकायला लावतात. वहीत लिहिलेलं विसरतं, भिंतीवरचं विसरत नाही.

प्रवेशाच्या पहिल्या तासाचा सराव हा कोर्सचा सर्वांत चांगला भाग. मूल दारात आलं की आधी पाणी, मग संडास-बाथरूम कुठे आहे ते दाखवायचं, मग खाणं. चौकशी नंतर. झोपायची जागा आणि कपाट दाखवायचं. बरोबर आलेल्या वस्तूंची यादी मुलासमोर, त्याला वाचून दाखवत करायची. फाटकी पिशवीसुद्धा त्याला न विचारता टाकायची नाही. वैद्यकीय तपासणी २४ तासांच्या आत. उवा दिसल्या म्हणून डोकं भादरायचं नाही. एक टक्का परमेथ्रिन लोशन दहा मिनिटं लावून धुवायचं, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवायची, सात ते दहा दिवसांनी पुन्हा तेच. केस कापले की उवा जातात हे खरं, पण पहिल्याच दिवशी न विचारता डोकं भादरलेलं मूल पुढचे कित्येक दिवस कुणाजवळ फिरकत नाही.

खरजेवर मात्र अर्धवट शिकवतात, आणि कोकणातल्या वसतिगृहात जून ते सप्टेंबर खरूज हाच मोठा शत्रू. पाच टक्क्यांचं परमेथ्रिन क्रीम डॉक्टरांना विचारून मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, आठ ते चौदा तास ठेवायचं, आठवड्यानं पुन्हा लावायचं, एवढं सांगतात. उपचार फसतो तो दोन कारणांनी, आणि ती सांगत नाहीत. एक, ज्याला खाज आहे त्यालाच औषध लावतात. खोलीतल्या सगळ्यांना, काळजीवाहकासह, एकाच दिवशी लावलं नाही तर खरूज खोलीभर फिरून परत पहिल्याकडे येते. दोन, कपडे. गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा म्हणे. आषाढात ऊन आणायचं कुठून? खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे तगत नाही. म्हणून वाळत नसलेल्या चादरी, गोधड्या तोंड घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर ठेवून दिल्या की काम होतं. नंतर बाहेर काढून वाऱ्यावर टाकायच्या, नाहीतर खरूज गेली आणि बुरशी आली.

लैंगिक अत्याचाराबद्दल मूल बोलायला लागलं तर काय करायचं, याला तीन दिवस दिलेत. ते सार्थकी लागतात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण पॉक्सोच्या कलम १९ खाली सांगणं बंधनकारक आहे. ते सांगायचं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला. बालगृहाच्या अधीक्षकांच्या कानावर घातलं म्हणजे जबाबदारी संपली, हा समज इथे पार मोडून काढतात. संस्थेनं आधी आपली चौकशी करायची आणि मग ठरवायचं, असा मधला रस्ता कायद्यात नाही. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारायचं. ‘त्यानं इथे हात लावला का?’ असं उत्तर तोंडात घालणारं विचारायचं नाही. घटना नुकतीच घडलेली असेल तर आंघोळ घालायची नाही, अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, ते कागदी पिशवीत ठेवायचे. इथल्या दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये ते कुजतात आणि पुरावा जातो. आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे. मूल मालवणीत बोललं तर मालवणीत लिहा, कातकरी बोलीतला शब्द वापरला तर तोच. शरीराच्या अवयवाला त्यानं घरी शिकलेलं नाव वापरलं असेल तर ते लाजून शुद्ध मराठीत फिरवू नका. पुढे जबाबात मूल त्याचाच शब्द वापरणार, आणि नोंदवहीतला शब्द वेगळा निघाला तर प्रश्न मुलालाच विचारतात.

नोंदवही लिहिण्याचा सराव रोज अर्धा तास घेतात आणि लाल पेन सढळ वापरतात. ‘मुलगा उद्धट वागला’ ही नोंद चालत नाही. ‘७.४० वाजता ताट ढकललं, ‘भात नको’ म्हणाला, दहा मिनिटं पायरीवर बसला, मग दोन पोळ्या खाल्ल्या’ ही चालते. प्रत्येक मुलासाठी वेगळी वैयक्तिक काळजी योजना करावी लागते; तिचा ठरलेला फॉर्म, नमुना ७, भरताना या नोंदी कामाला येतात. त्या नसतील तर सगळ्या मुलांच्या योजना सारख्याच दिसतात: अभ्यासात रुची निर्माण करणे, आत्मविश्वास वाढवणे.

चिडलेलं मूल हाताळण्याचा भाग ठीकठाक. दोन हातांचं अंतर, समोर नव्हे तर जरा बाजूला उभं राहणं, बाकीच्या मुलांना बाहेर नेणं, एकानंच बोलणं. सगळं बरोबर, पण एका दुपारीत उरकलंय.

आता रात्र. रात्री आठ ते सकाळी सहा या दहा तासांवर बारा आठवड्यांत एकच व्याख्यान. वर सहा आठवड्यांच्या प्रत्यक्ष कामातही शिकाऊंना पाच वाजता घरी पाठवतात. बालगृहातलं जे अवघड असतं ते बहुतेक दिवे मालवल्यावर सुरू होतं. शिकवायला हवं ते हे: झोपायच्या आधीची मोजणी आकड्यानं नव्हे, नावानं आणि चेहरा बघून करायची. फेऱ्या ठरलेल्या वेळी मारायच्या नाहीत, मुलांना घड्याळ कळतं. बॅटरीचा झोत जमिनीवर टाकायचा, तोंडावर नाही. रडणाऱ्या मुलाला धीर द्यायचा तो व्हरांड्यात, दिवा असलेल्या जागी, दार उघडं ठेवून. त्याच्या खाटेवर बसून नाही. यात मुलाची सुरक्षितता आहे आणि काळजीवाहकाचीही.

अंथरुण ओलं करणाऱ्या मुलांबद्दल तर अक्षरही नाही. गादीवर रेक्झिन, उशाशी कोरडी चड्डी आणि चादर, साडेदहाच्या सुमारास हळूच उठवून संडासाला नेणं, एवढ्यानं निम्मा त्रास कमी होतो. दिवसभर पाणी तोडायचं नाही, फक्त रात्रीच्या जेवणानंतर कमी द्यायचं. बद्धकोष्ठ आणि लघवीचा संसर्ग डॉक्टरांकडून तपासून घ्यायचा. पूर्वी कोरडं असलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करायला लागलं तर तारखेनिशी लिहून समुपदेशकाला कळवायचं. मागे भीती असू शकते, अत्याचार असू शकतो, क्वचित मधुमेहही.

आणि कोकण म्हटलं की सरपटणारं आलंच. पावसात झाड तारांवर पडलं की वीज जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा एका ठरलेल्या खिळ्यालाच टांगलेला हवा. मुलं खाटेवर झोपवायची, भिंतीकडेला जमिनीवर नाही. फुरसं चावलं की सूज आणि कळ यावरून कळतं. मण्यार चावते ती झोपेत. दुखत नाही, दातांची खूण जेमतेम दिसते, आणि मूल पहाटे ‘पोटात दुखतंय’ म्हणत उठतं. शाळा बुडवायचं नाटक समजून त्याला परत झोपवलं तर घात. दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, अवयव हलू द्यायचा नाही, सर्पविषावरची लस असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचं. रत्नागिरीतल्या प्रशिक्षणात हे नसावं, हे पटत नाही.

दुसरी उणीव उदाहरणांची. चिपळूणची पहिली गोष्ट सोडली तर बाकीची मुलं मुंबईची: फलाट, सिग्नल, व्हाइटनरचं व्यसन. इथली मुलं वेगळी आहेत. आंबाबागेतल्या नेपाळी राखणदाराचं मूल, मच्छीमार बोटीवरच्या खलाशाचं, वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातलं, आईबाप मुंबईत आणि आजी आजारी पडलेलं. यांच्या घरची तपासणी हंगामाला बांधलेली असते. आंबा मेअखेर संपतो, यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, भट्ट्या पावसाआधी थंडावतात. त्या आत घरचा पत्ता, गावातल्या नातेवाइकाचं नाव, मोबाइल नंबर मिळवला नाही तर जूनमध्ये बागेत फक्त कुलूप सापडतं. हे स्थानिक परिविक्षा अधिकारी, म्हणजे ही घरची तपासणी करणारा माणूस, सहज सांगेल. त्याला एकदा बोलवायला हवं होतं.

ऑगस्ट-सप्टेंबरची तुकडी टाळावी. गणपतीत अर्धा कर्मचारीवर्ग गावी जातो आणि शिकाऊंच्या हातात डाव येतो, वरणाचा. खरं तर शिकण्यासारखं तेव्हाच खूप असतं. काही मुलं समितीच्या परवानगीनं घरी जातात, काहींना कुणी न्यायला येत नाही. येणारच नाही हे ठाऊक असलेल्या मुलाला ‘येतील हं’ म्हणायचं नाही, त्या दिवसांचा कार्यक्रम आधीच ठरवून त्याला सांगायचा, परतलेल्यांना सगळ्यांसमोर मोदकांची वर्णनं करायला लावायची नाहीत. शिकाऊ तेव्हा भांडी घासत असतात.

नोकरीचं थोडक्यात. या कामाला आपल्याकडे वेगळी नोंदणी परिषद नाही, त्यामुळे प्रमाणपत्राला परवान्याची किंमत नाही. खासगी बालगृहात काळजीवाहक म्हणून उपयोग होतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदं बहुतेक कंत्राटी, आणि समुपदेशक किंवा संरक्षण अधिकारी व्हायचं तर पदवी लागतेच; ज्याला तिकडे जायचं आहे त्यानं समाजकार्याच्या पदवीचा विचार करावा. मुलींच्या गृहात फक्त महिला कर्मचारी नेमतात, म्हणून पुरुषांना प्रत्यक्ष कामाच्या जागा कमी मिळतात. पोलिस पडताळणीचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच टाका. ती हातात नसेल तर बालगृह आत घेत नाही आणि सहातले दोन आठवडे बाहेर बसून जातात. मानसिक आरोग्याची बाजू इथे पातळ आहे; बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘संवाद’ उपक्रमाची ऑनलाइन सत्रं जोडीला घ्यावीत.

पैसे भरण्याआधी कार्यालयात एकच गोष्ट लेखी मागा: सहा आठवड्यांत किमान सहा रात्री, अनुभवी काळजीवाहकाबरोबर. सध्याच्या वेळापत्रकात एकही नाही. पण विचारलं तर ‘बघू’ म्हणतात, ‘नाही’ म्हणत नाहीत.